खडूचा गँगमन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतोय — हाही एक भित्रेपणाच, नाही का? असू दे. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही. नोकरी सगळी मोजणी खात्यात झाली. शेताची हद्द दाखवायच्या आधी चारी बाजूंनी साखळी फिरवायची, आणि तोवर दोघे भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांकडे डोळे वटारून बघत असायचे. तसंच समजा. थोडं फिरवून सांगेन, पण हद्दीपर्यंत येईन.

मी अंबडला राहतो. अंबडला कोर्ट आहे, बाजार आहे, एसटी स्टँड आहे — रेल्वे नाही. रेल्वे बघायची तर जालन्याला जावं लागतं. आणि अशा गावात, माझ्या घराच्या माडीवर, चौदा बाय आठ फुटांच्या टेबलावर एक अख्खं रेल्वे स्टेशन आहे. रूळ, सिग्नल, मालधक्का, पाण्याची टाकी, कापसाच्या गाठी, चिंचेखाली सोडलेली बैलगाडी. सगळं सत्याऐंशीपट लहान. खऱ्या जगातले सत्याऐंशी फूट म्हणजे माझ्या टेबलावर एक फूट. गल्लीतले लोक म्हणायचे, मोजणीवाल्याचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. म्हातारपणी कुणी देवाला लागतं, कुणी राजकारणाला; मी रेल्वेला लागलो. फक्त ‘खेळणं’ म्हटलेलं मला खपत नसे. कुणी म्हटलं की मी लगेच त्याला प्रमाण समजावून सांगायला बसायचो, आणि तो बिचारा चहा न घेताच उठायचा.

हे स्टेशन परतूरचं. आजचं नव्हे, आमच्या लहानपणचं — मीटर गेजचं, म्हणजे अरुंद रुळांचं, कोळशाच्या इंजिनाचं. आमच्या म्हणजे माझ्या आणि मधूच्या. मधुकर साळवे. पहिलीपासून आम्ही एका वर्गात, एका बाकावर. त्याचे वडील, तो त्यांना दादा म्हणायचा, रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा टाकून ते रोज कोसच्या कोस रुळावरून चालत जायचे. कुठं रूळ धरून ठेवणारी चावी ढिली दिसली की दोन घाव घालून पुढं. माझ्या वडलांची जमीन होती, विहीर होती, चार बैल होते. पण इंजिनावरचा ड्रायव्हर हात करायचा तो मधूच्या बापाला. मला मधूचा हेवा वाटायचा. तो अजूनही गेलेला नाही, असं आता वाटतं.

पुढं मधू चित्रकलेचा मास्तर झाला, मी मोजणीवाला. दोघंही फिरत फिरत अंबडला येऊन टेकलो. निवृत्त झाल्यावर जावयानं जर्मनीहून एक इंजिन आणून दिलं — नातवासाठी, खरं तर. नातू तेव्हा रांगतही नव्हता. ते इंजिन मी ठेवून घेतलं आणि मग गोळा करत सुटलो. डबे, वाघिणी, सिग्नलचे हात, दिव्याचे खांब, नखाएवढ्या दुधाच्या कॅन. पार्सल आलं की जेवण बाजूला. प्रत्येक वस्तूची डबी, प्रत्येक डबीवर चिठ्ठी, सगळ्या डब्या काचेच्या कपाटात. संध्याकाळी नुसतं कपाट उघडून बघत उभं राहायचं. ज्याला गोळा करायची खोड आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. वस्तू आवडणं वेगळं आणि वस्तू आपली असणं वेगळं. मला दुसरं जास्त आवडायचं.

मधूनं आयुष्यात काही गोळा केलं नाही. तो करायचा. शाळेतून निघताना त्यानं खडूचे दोन खोके घरी आणले होते, त्या खडूतून तो माणसं काढायचा. दाढीच्या ब्लेडचा तुकडा चिमटीत धरून खडूचा एक पेर कोरायचा, पातळ डिंकात बुडवून सुकवायचा, मग बारीक कुंचल्यानं रंग. साडेपाच फुटांचा माणूस म्हणजे एकोणीस मिलिमीटर, तुमच्या करंगळीच्या एका पेराएवढा. त्यात त्यानं तिकिटाच्या खिडकीशी वाकलेला मारवाडी काढला, पोर काखोटीला मारलेली बाई काढली, बाकड्यावर उकिडवा बसलेला पागोट्याचा म्हातारा काढला. तोंडं दिसत नव्हती, एवढ्या लहान खडूवर तोंड कुठलं? पण पाठीवरून ओळखावं हा कोण.

आणि सगळ्यात आधी काढला तो त्यानं आपला बाप.

त्याच्याबद्दल सांगतो. थांबा जरा.

नऊ वर्षं आम्ही हे टेबल केलं. रुळाखालच्या खडीसाठी मी खसखस राखाडी रंगवून पसरली, तर आठ दिवसांत मुंग्यांनी परतूर ते सातोना पट्ट्यातली सगळी खडी उचलून नेली. मधू पोट धरून हसला. मी मात्र दोन दिवस कुणाशी बोललो नाही, असा माझा स्वभाव. मग त्यानं मुरूम कुटून, चाळणीनं चाळून आणला, तो अजून आहे. काळी माती आमच्याच शेतातली, वस्त्रगाळ केलेली. झाडं वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्यांची. दुपारी चारला तो यायचा, जिना चढतानाच हाक द्यायचा, आणि सातला जायचा. माझी बायको सुमन तेव्हा इथंच होती. चहा घेऊन वर आली की म्हणायची, दोन म्हातारी पोरं झालीत.

आमची एक पद्धत होती. खऱ्या एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशननं लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची खूण, दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. ड्रायव्हरच्या हातात परवान्याचा गोळा पडतो, तेव्हाच चाक हलतं. आम्हीही तसंच करायचो. टेबलाच्या या कोपऱ्यात माझं परतूर, त्या कोपऱ्यात मधूचं पुढचं स्टेशन. मध्ये सायकलची घंटी आणि एक निळी काचेची गोटी. मी घंटी वाजवायची, त्यानं उलट घंटी देऊन गोटी सरकवायची, तेव्हा माझी पॅसेंजर सुटणार. आणि हा गृहस्थ गोटीच द्यायचा नाही. ‘थांब रे, म्हैस बसून राह्यली रुळावर. उठंना.’ मी घड्याळ दाखवायचो. तो म्हणायचा, ‘मालकिणीला बोलवाया मानूस गेल्ता, येईलच आता.’ मला वेळापत्रक, त्याला म्हैस. मी चिडायचो, खरंच चिडायचो — आणि त्याला तेच हवं असायचं.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी थोडा. कुंचला धरताना. नंतर कपबशी वाजायला लागली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, हाताला काम देत राहा म्हणाले. मधूला वाटलं, मग तर प्रश्नच मिटला, काम आहेच. तो येतच राहिला, कोरतच राहिला. पण माणसं बिघडायला लागली. मोठी व्हायला लागली. खांदे वाकडे, डोकी भोपळ्यासारखी. एकदा त्यानं हंडा घेतलेली बाई आणली, दहा दिवस खपून केलेली. मी काय केलं असेल? व्हर्नियर काढला, बारीक मापाचं यंत्र, आणि त्याच्यासमोर ती बाई मोजली. पंचवीस मिलिमीटर. ‘मधू,’ मी म्हणालो, ‘ही बाई सात फुटांच्या वर हाय. स्टेशनच्या दारातून वाकून जाईल.’ तो हसला. मीही हसलो. तो गेल्यावर मी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. पुढच्या खेपेला त्यानं जागेवर बघितलं, ती नव्हती. त्यानं खिशातून नवा खडू काढला आणि कोरायला बसला.

हे सांगताना मला एक लपवता येत नाही. ज्या प्रमाणाच्या नावानं मी त्याची माणसं मोजत होतो, ते प्रमाण मुळात माझंच चुकलेलं होतं. मीटर गेजला माझ्या टेबलावर रूळ बारा मिलिमीटर अंतराचे हवेत. मी घेतले ते साडेसोळाचे, कारण तेच सहज मिळत होते. रुळावरचा सगळा डोलारा चुकीच्या मापावर उभा, आणि मी एका आजारी माणसाच्या हंडेवालीला व्हर्नियर लावतोय. मधूला हे माहीत होतं, गँगमनचा पोरगा तो. त्यानं एकदाही तो विषय काढला नाही.

मग एके दिवशी इंजिन पडलं. मी दोन वर्षं खपून त्या जर्मन इंजिनाला आमच्या लहानपणच्या वायपी इंजिनाचं रूप दिलं होतं. काळा रंग, पुढचा दिवा, सगळं. मधू ते रुळावर ठेवत होता. हात उडाला आणि इंजिन फरशीवर गेलं. पुढची चाकं निखळली, एक दांडी वाकली. मधूचं तोंड पांढरं पडलं. मी म्हणालो, होतं असं. खरंच तसं म्हणालो. आणि ते इंजिन चार दिवसांत दुरुस्त झालं, हेही सांगून टाकतो. नवी दांडी घातली, तेल दिलं, पहिल्यापेक्षा बरं चालायला लागलं. पण त्या चार दिवसांत मधू आला नव्हता, आणि माडीवर एकट्यानं बसताना मला काय वाटलं असेल?

बरं वाटलं. कुणाचा हात नाही, कुणाची म्हैस नाही, काही मोडत नाही. सगळं माझं.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, चारला येऊन राह्यलो म्हणून. आणि मी म्हणालो, नको येऊ, मी सगळं मोडलं. विकलं. हैदराबादचा एक माणूस टेम्पो घेऊन आल्ता, घेऊन गेला. हे मी ठरवून बोललो का? शब्द आधी बाहेर पडले. पण पुढचं वाक्य मात्र ठरवून बोललो. त्यानं विचारलं, का रे? छत गळतंय म्हटलं असतं तर तो ताडपत्री घेऊन आला असता. वाळवी लागली म्हटलं असतं तर औषध घेऊन आला असता. ज्यावर त्याला पुढं काही विचारता येणार नाही, असं एकच कारण होतं, आणि ते मी दिलं. म्हणालो, इंजिन पडल्यापासून मन उडालं.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो दाराशी उभा. मी माडीला कुलूप घातलं होतं, पण तो जिन्याकडं गेलाच नाही. पायरीपाशी थांबला. ‘माझ्या हातानं झालं हे,’ म्हणाला. ‘तुझं मन मोडलं मी. माफ कर रे, वसंता.’ सत्तरीला टेकलेला माणूस, माझ्या बाकावरचा. मी काय म्हणालो माहीत आहे? ‘केलं,’ म्हणालो. ‘जा घरी, ऊन वाढून राह्यलं.’ म्हणजे त्यानं न केलेल्या गुन्ह्याची मी त्याला माफी दिली, आणि तो हात जोडून ती घेऊन गेला.

इथंच संपलं असतं तर मी तुम्हाला सांगायला बसलो नसतो. असली खोटी माणसं गावोगाव असतात. पण तो फाटकापर्यंत गेला, आणि मागं वळला. ‘माझा बाप तेवढा काढून ठेवलास ना रे?’

आता त्या बापाबद्दल. मैलाच्या दगडाजवळ तो उभा आहे. धोतर गुडघ्याच्या वर, डोक्याला फडकं, उजव्या खांद्यावर हातोडा आणि त्या ओझ्यानं तो खांदा किंचित खाली. समोरून गाडी येतेय म्हणून तो रुळाबाहेर झालाय, एक पाय खडीवर, एक खाली मातीत. मी त्या माणसाला लहानपणी रोज बघितलंय. तो अस्साच उभा राहायचा. बरोबर एकोणीस मिलिमीटर. मधूच्या वडलांचा एकही फोटो नाही. गरिबी होती, कुणी काढलाच नाही. ओळखपत्रावर होता तो कुठं गेला माहीत नाही. ते गेले तेव्हा मधू नववीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, हात शाबूत होता तेव्हा, त्यानं नुसत्या आठवणीतून त्यांना खडूतून काढलं. पुन्हा तसं काढणं आता त्याच्या हाताला शक्य नाही. हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

आणि मी म्हणालो, ‘न्हाई रे. घाईत ध्यानातच न्हाई आलं. सगळ्यासोबत गेला.’

का म्हणालो? तुम्ही विचाराल, म्हणून मीच विचारतो. खोटं उघडं पडेल म्हणून? छे. ‘हो, ठेवलाय की बाजूला’ म्हणून वर गेलो असतो, पात्यानं तळाचा डिंक खरवडला असता, मिनिटाभरात खाली आणून त्याच्या हातावर ठेवला असता. माझं खोटं उलट पक्कंच झालं असतं. एकही दार बंद नव्हतं. मी दिला नाही, कारण मला तो हवा होता. जर्मन इंजिन मोडलं तर दुसरं मिळतं. डबे, सिग्नल, खांब, सगळं मिळतं. हा जगात एकच. माझ्या अख्ख्या टेबलावर खरं म्हणावं असं तेवढंच होतं. तो नसता तर मैलाच्या दगडापाशी एक भोक राहिलं असतं आणि मला ते रोज दिसलं असतं. मित्राचा बाप मी माझ्याकडं ठेवून घेतला — बरा दिसतो म्हणून. झालं. ही हद्द.

पण पाप एका जागी थांबत नाही, त्याला पाय फुटतात. आठ दिवसांनी मधूनं पत्ता मागितला. ‘त्या मानसाला चिठ्ठी लिहितो. बाकी कायबी नको म्हणतो, बिलकुल न्हाई. तेवढा एकच.’ मी म्हणालो, माझ्याकडे दे, मी पाठवतो. त्यानं दिली. लिफाफ्यात घालून, वर ‘महोदय’ एवढंच लिहून, कारण नाव मी सांगितलंच नव्हतं. ती चिठ्ठी मी वाचली. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण इथं दुसरा होता कोण? ज्याच्या ताब्यात तो गँगमन होता त्यालाच तर ती लिहिलेली होती. अक्षर असं सांडलेलं की एकेक शब्द लावावा लागला. चित्रकलेच्या मास्तरचं अक्षर! लिहिलं होतं — आपण माझ्या मित्राकडून घेतलेल्या रेल्वेत मैलाच्या दगडाजवळ एक गँगमन उभा आहे. ते माझे वडील आहेत. त्यांचा फोटो आमच्याकडे नाही. आपण परत दिलात तर त्यांच्या जागी मी दुसरा करून दिला असता, पण आता हात चालत नाही. तरी विचार व्हावा. माझ्या मित्राचा यात काही दोष नाही.

ती चिठ्ठी मी काचेच्या कपाटात ठेवली आहे. एका डबीत. डबीवर चिठ्ठी मात्र लावलेली नाही.

त्यानंतर भेटला की विचारायचा, ‘काही आलं का रे?’ मी मान हलवायचो. वर्षभर विचारत होता. मग थांबला. तुम्हाला वाटेल, त्याला संशय आला असेल. मला तसं वाटून घ्यायला फार आवडेल. माहीत असून गप्प राहिला म्हटलं की माझा भार निम्मा होतो. पण नाही. एकदा तो काही सांगायला आला, तेव्हा वर गाडी चालू राहिली होती. बंद करायचं माझ्या लक्षात नव्हतं. आम्ही ओट्यावर बोलतोय आणि डोक्यावर घरघर घरघर. ‘कशाचा आवाज रे?’ म्हणाला. मी म्हणालो, पाण्याची मोटार. ‘बेरिंग गेलं बघ तिचं, जल्दी दुरुस्त कर,’ म्हणाला आणि आपलं बोलणं पुढं चालू केलं. त्याचा माझ्यावर विश्वास का बसणार नाही? नोकरीत मी कुणासाठी वीतभर हद्द सरकवली नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मधूच सांगत फिरायचा.

सुमन आता पुण्याला असते, लेकीकडं. इंजिन पडायच्या आधीच नातवासाठी गेली, ती तिकडचीच झाली. सणाला येते, आठ दिवस राहते. ती येणार असली की मी मधूला आधीच गाठून सांगतो, तिच्यापुढं रेल्वेचा विषय काढू नको, तिला वाईट वाटतं. आणि फोनवर ती विचारते, भाऊजी येतात ना रोज? मी म्हणतो, येतात. आज काय म्हणाले? मग मी काहीतरी रचतो. म्हैस, वेळापत्रक. ती हसते. तिला वाटतं माझं बरं चाललंय.

चारला मी वर जातो. खिडक्या लावून घेतो, उन्हाळ्यातसुद्धा. घंटी वाजवतो, टेबलाला वळसा घालून त्या कोपऱ्यात जातो, मीच उलट घंटी देतो, गोटी घेतो, परत इकडे येतो आणि गाडी सोडतो. गाडी वेळेवर सुटते. वेळेवर पोचते. तीन वर्षांत माझी एकही गाडी एक मिनिट उशिरा नाही. मग मी खुर्चीवर बसतो. सातपर्यंत काय करायचं, हा प्रश्न असतो. मनात येतं, कुणीतरी जिन्यावरून हाक मारावी. मग तीच भीती वाटते — कुणीतरी हाक मारेल. आपणच आपल्या दाराला आतून कडी घातली आणि आता एकटं वाटतं म्हणून रडायचं, याला काय अर्थ आहे? पण वाटतं. फार वाटतं.

मधू संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसतो. मी लांबून बघितलंय. गाव तसं लहान आहे, न बघून जाणार कुठं? घनसावंगीची लागली, जालन्याची सुटली, तो बघत असतो. उजवा हात पंच्याखाली असतो. मी जवळून गेलो की तो हात आणखी आत घेतो. माझ्यापुढं त्याला त्या हाताची लाज वाटते. दुसऱ्या कुणापुढं वाटत नाही, हेही मी बघितलंय.

जयंतीला मी दरवर्षी त्याच्याकडं जेवायला असतो. यंदाही होतो. घर माणसांनी भरलेलं, पांढरे कपडे, भिंतीवर निळी झालर. नवीन रंग दिला होता म्हणून सगळे फोटो नव्यानं लावलेले: लेकीचं लग्न, पोराची पदवी, मधूची आई, आणि तिच्या शेजारी एक रिकामा खिळा. मला वाटलं, राहिला असेल एखादा लावायचा. पुण्याहून आलेल्या व्याह्यांनीच विचारलं, इथं कुणाचा? मधू म्हणाला, ‘दादाचा. फोटो न्हाई. पर खिळा ठोकून ठेवला.’ मग माझ्याकडं बोट करून त्यांना सगळी हकिकत सांगितली. आमची रेल्वे, नऊ वर्षं, त्याच्या हातानं इंजिन पडलं ते, आणि या माणसानं एका शब्दानं बोल लावला नाही ते. ‘लई मोठ्या मनाचा मानूस,’ म्हणाला. व्याह्यांनी मला नमस्कार केला. मी नमस्कार घेतला.

जेवताना तो माझ्या शेजारी बसला. डाव्या हातानं चमच्यानं खात होता. त्याची बायको, शांतावहिनी, खीर वाढत होत्या. म्हणाल्या, ‘भाऊजी, डॉक्टर म्हणले हाताला काम द्या, पर हे बिलकुल ऐकनात. तुमी तरी सांगा.’ मी म्हणालो, ‘करत जा की रे काहीतरी.’ त्यानं चमचा वाटीत ठेवला. मग, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, मला म्हणाला, ‘वसंता, तो हैदराबादचा मानूस... जपत असंल ना रे दादाला?’

मी त्याच्याकडं बघितलं. तो खरंच विचारत होता.

‘जपत असंल,’ मी म्हणालो.

त्याला बरं वाटलं. दिसलं मला, त्याच्या तोंडावर दिसलं. वहिनींनी माझ्या वाटीत आणखी खीर वाढली आणि मी ती खाल्ली.